समजून घ्या : मशीन खराब पत्रा कसा ओळखतं? आणि नापास पत्र्याचं पुढे काय होतं?

कोकणात आंब्याची छाटणी पाहिलेल्या कुणालाही ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. डाग पडलेला, आकाराने लहान, पेटीत शोभणार नाही असा आंबा बाजूला काढतात आणि तो किलोवर कॅनिंगला जातो. भाव कमी मिळतो, पण त्याचं नाव आणि काम ठरलेलं आहे. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही तो काय आहे ते माहीत असतं.

या आंब्याचा रस ज्या डब्यात भरतात, त्या डब्याच्या पत्र्याचीही अशीच छाटणी होते. ती आता हाताने नाही, मशीनवर होते. सेकंदाला दोन-तीन पत्रे पुढे सरकत असतात आणि त्यातला खराब पत्रा आपोआप वेगळ्या थप्पीत पडतो. हे तंत्रज्ञान थक्क करणारं आहे. पण बाजूला काढलेल्या पत्र्याला कॅनिंगच्या आंब्यासारखी ओळख मिळते का? माझं म्हणणं याच प्रश्नाबद्दल आहे. त्याआधी मशीन काय करतं ते पाहू.

डब्याचा पत्रा म्हणजे नेमकं काय?

आपण ज्याला ‘टिनचा डबा’ म्हणतो, तो खरं तर पोलादाचा असतो. पातळ पोलादी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना टिनचा, म्हणजे कथलाचा, मुलामा दिलेला असतो. याला टिनप्लेट म्हणतात. पत्र्याची जाडी साधारण ०.१३ ते ०.५ मिलिमीटर. मुलामा तर त्याहून कितीतरी पातळ. दर चौरस मीटरला एका बाजूने २.८ ग्रॅम टिन असेल, तर थराची जाडी भरते जेमतेम ०.४ मायक्रॉन. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी.

भारतात या पत्र्यासाठी आयएस १९९३ हे मानक आहे. जमशेदपूरच्या गोलमुरीत टिनप्लेट कंपनीची स्थापना १९२० साली झाली. ती २०२४ मध्ये टाटा स्टीलमध्ये विलीन झाली. महाराष्ट्रात तारापूरलाही टिनप्लेट तयार होते.

इतक्या पातळ पत्र्यात दोष अनेक प्रकारचे असतात. आरपार गेलेलं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, म्हणजे पिनहोल. ओरखडा. मुलामा नीट न बसलेला भाग. रोलखाली कचरा आल्याने उठलेला ठसा. कमी-जास्त जाडी. आमरसाच्या डब्याला पिनहोल असेल तर हवा आणि जंतू आत जातात आणि आतला माल खराब होतो. पण त्याच डब्याच्या बाहेरच्या बाजूला हलका ओरखडा असेल, तर तो रंगाच्या छपाईखाली झाकून जातो. म्हणजे दोष किती गंभीर, हे त्या पत्र्याचं पुढे काय होणार आहे यावर ठरतं.

मशीनच्या आधी हे काम कोण करायचं?

बायका. ब्रिटनमध्ये साउथ वेल्स हा टिनप्लेटचा बालेकिल्ला होता. तिथल्या लानेली गावाला ‘टिनोपोलिस’ असं टोपणनावच पडलं होतं. तिथल्या कारखान्यांत छाटणीची वेगळी खोली असायची आणि तिथे बायका एकेक पत्रा उलटून दोन्ही बाजू पाहायच्या. चांगला पत्रा ‘प्राइम’, खराब पत्रा ‘वेस्टर’. लानेलीजवळचा ट्रॉस्ट्रे इथला टिनप्लेट कारखाना आजही चालू आहे. तो आता टाटा स्टीलच्याच मालकीचा आहे.

हे काम मी छोट्या प्रमाणावर जवळून पाहिलंय. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना भोसरीतल्या एका लहान प्रेस शॉपमध्ये मी महिनाभर ट्रेनिंगला होते. तिथे डब्याचा नाही, साधा सीआर पत्रा यायचा. तपासणीच्या टेबलावर एक काकू बसायच्या. त्या पत्रा सपाट ठेवून कधीच बघायच्या नाहीत. तिरका धरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यावरून सरकवायच्या. प्रतिबिंबाची रेघ जिथे तुटली, तिथे ओरखडा. आज कॅमेऱ्याची सिस्टिम याच तत्त्वावर चालते.

मशीन बघतं कसं?

पिनहोल शोधणं त्यातल्या त्यात सोपं. पत्र्याच्या एका बाजूला जोरदार प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला अंधाऱ्या पेटीत प्रकाश टिपणारा सेन्सर. पत्रा अखंड असेल तर सेन्सरला काही दिसत नाही. छिद्र असेल तर प्रकाशाचा ठिपका पलीकडे पोचतो. पत्र्याच्या कडेने प्रकाश झिरपू नये म्हणून दोन्ही कडांना आडोसे असतात आणि पत्रा डावी-उजवीकडे सरकला की तेही सरकतात.

ओरखडे आणि डागांसाठी लाइन-स्कॅन कॅमेरा लागतो. तो आपल्या मोबाइलसारखा अख्खा फोटो काढत नाही. पत्र्याची एक बारीक आडवी रेघ टिपतो, मग पुढची, मग त्यापुढची. या रेघा जोडून चित्र तयार होतं. प्रकाश दोन प्रकारे टाकतात. एका पद्धतीत पत्र्यावरून परतलेला प्रकाश थेट कॅमेऱ्यात येतो आणि दोष काळा दिसतो. दुसऱ्या पद्धतीत प्रकाश तिरका असतो. पत्रा काळा दिसतो आणि दोष चमकतो.

याचा आवाका बघा. समजा, पत्रा सेकंदाला ३ मीटर वेगाने जातोय, तो १ मीटर रुंद आहे आणि आपल्याला पाव मिलिमीटरचा दोष टिपायचाय. तर सेकंदाला १२,००० रेघा आणि प्रत्येक रेघेत ४,००० ठिपके. म्हणजे दर सेकंदाला ४ कोटी ८० लाख ठिपके, तेही फक्त एका बाजूचे. कुठल्याही माणसाच्या नजरेला हे झेपणार नाही.

खराब पत्रा नेमका वेगळा कसा पडतो?

दोष दिसतो तेव्हा पत्रा बऱ्याचदा अजून कापलेलाही नसतो. कॉइल उलगडत असते. कॅमेरा एका जागी, कापणारी शिअर पुढे आणि पत्रा खाली वळवणारी झडप त्याच्याही पुढे. समजा, कॅमेऱ्यापासून झडप ६ मीटरवर आहे आणि पत्रा १ मीटर लांबीचा कापला जातोय. तर दोष दिसला त्या क्षणापासून तो झडपेपर्यंत पोचायच्या आत मध्ये सहा पत्र्यांची रांग असते.

मग ‘दोन सेकंदांनी झडप उघड’ असं मशीनला सांगितलं तर? चालणार नाही. लाइनचा वेग मध्येच कमी झाला, तर चुकीचाच पत्रा पडेल. म्हणून मशीन वेळ मोजत नाही, अंतर मोजतं. रोलरला एन्कोडर बसवलेला असतो. रोलर किती फिरला यावरून पत्रा किती पुढे सरकला ते कळतं. मेमरीत प्रत्येक पत्र्यासाठी एक घर असतं आणि ‘खराब’ अशी खूण पत्र्याबरोबर घरा-घराने पुढे जाते. ती खूण झडपेपाशी आली की झडप उघडते. चूक नको म्हणून पुढचा-मागचा एकेक पत्राही सोबत पाडण्याची सोय ठेवता येते.

मग एआयने नवीन काय केलं?

आधीच्या सिस्टिमना नियम सांगावे लागायचे : इतका लांब, इतका काळा, म्हणजे ओरखडा. तेलाचा डाग, पाण्याचा थेंब, धूळ यांनी हे नियम सहज फसायचे. आता मशीनला हजारो फोटो दाखवून शिकवलं जातं. चीनमधल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीने पोलादाच्या पृष्ठभागावरच्या सहा प्रकारच्या दोषांचे १,८०० फोटो अभ्यासासाठी खुले केले. २०१९ मध्ये सेव्हरस्टाल या रशियन पोलाद कंपनीने कॅगल या वेबसाइटवर दोष ओळखण्याची स्पर्धा घेतली. त्यात शिकवण्यासाठी १२,५६८ फोटो दिले होते. इंजिनीअरिंगचे अनेक विद्यार्थी आज प्रोजेक्टसाठी हेच फोटो वापरतात.

पण प्रत्येक फोटोवर ‘हा दोष, हा नाही’ असं आधी माणसानेच लिहिलेलं असतं. मशीनला शिकवणारी नजर काकूंसारख्या कुणाचीतरी असते.

आता थोडं गणित

समजा, १०,००० पत्रे आहेत आणि त्यातले १०० खरोखर खराब आहेत. मशीन हुशार आहे. खराब पत्र्यांपैकी ९५ टक्के पकडतं आणि चांगल्या पत्र्यांपैकी फक्त २ टक्क्यांना चुकून खराब म्हणतं.

खराब पकडले ९५. सुटले ५. चांगले पत्रे ९,९००, त्यातले २ टक्के म्हणजे १९८ चुकून नापास. नापास थप्पीत एकूण पत्रे २९३. त्यातले दोन-तृतीयांशाहून जास्त पत्रे चांगले!

ही मशीनची नालायकी नाही. खराब माल मुळातच कमी असला की असंच होतं. चाळणी बारीक केली तर चांगला माल जास्त पडतो. सैल केली तर खराब माल पुढे जातो. चाळणी किती बारीक ठेवायची, हे मशीन ठरवत नाही. ते कारखान्यातली माणसं ठरवतात. कुठलं नुकसान आपल्याला परवडेल याचा तो हिशेब असतो.

नापास थप्पी जाते कुठे?

नापास थप्पी पुन्हा तपासता येते, वितळवायला पाठवता येते किंवा ‘सेकंड्स’ म्हणून कमी भावात विकता येते. सेकंड्स विकण्यात गैर काही नाही. ओरखडा असलेल्या पत्र्याचा रंगाचा डबा होईल, खेळणं होईल. चांगलं पोलाद उगाच वितळवण्यापेक्षा ते बरंच.

अडचण वेगळी आहे. चांगल्या मालासोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं. त्यावर रासायनिक घटक आणि ताकद वगैरे लिहिलेली असते. सेकंड्सचा माल मात्र ‘जसा आहे तसा’ विकला जातो. या थप्पीत पिनहोल आहेत, ओरखडे आहेत, जाडी कमी आहे की चुकून पडलेला चांगला माल आहे, हे घेणाऱ्याला कोण सांगणार?

भोसरीतल्या त्या शॉपच्या मालकांनी एकदा असाच एक लॉट घेतला होता. त्यावर खडूने एकच शब्द होता : ‘सेकंड’. प्रेसवर घेतल्यावर कित्येक पीस कोपऱ्यात फाटले. मोजल्यावर कळलं, जाडी एका कडेला कमी होती. माल वेळेत गेला नाही, ग्राहकाची डेबिट नोट आली आणि महिन्याभराचा नफा त्यात गेला. मालक चिडले नाहीत. ‘सेकंड घेतलं की असंच चालतं,’ एवढंच म्हणाले. मला तेव्हा ते पटलं होतं. आज पटत नाही. कारण आजच्या लाइनवर ही माहिती कुणीतरी नव्याने शोधायची नसते. ती आधीच कॉम्प्युटरमध्ये असते. पत्रा झडपेतून पडला की तिथेच ती मागे राहते.

खाण्याच्या डब्यांबाबत तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत, एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेलासाठी पुन्हा वापरायला मनाई आहे. वापरलेला डबा निदान डोळ्यांनी ओळखता येतो. मुलामा अर्धवट बसलेला पत्रा छपाईनंतर कसा ओळखायचा?

मग करायचं काय?

नापास झालेल्या मुलालाही मार्कशीट मिळते. कुठल्या विषयात किती कमी पडले ते कळतं. पत्र्यालाही ती मिळावी, एवढंच माझं म्हणणं आहे. प्रत्येक नापास थप्पीवर एक क्यूआर कोड असावा. त्यात तीन गोष्टी हव्यात : दोष कुठला, कुठल्या बाजूला आणि किती पत्र्यांत. पिनहोल किंवा मुलाम्याचा दोष असलेल्या थप्पीवर ‘अन्नासाठी नाही’ असा ठळक शिक्का हवा. तो मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत हवा, कारण थप्पी उचलणारा प्रत्येक जण क्यूआर स्कॅन करत बसणार नाही.

दुसरं म्हणजे, तपासणीच्या टेबलावरच्या माणसांना मशीन आलं म्हणून घरी पाठवू नये. वरच्या हिशेबातले १९८ चांगले पत्रे थप्पीतून परत काढण्याचं आणि मशीनला तिची चूक दाखवण्याचं काम त्यांच्याइतकं चांगलं कोण करेल?

यावर कंपन्यांचं उत्तर काय असेल याचा अंदाज आहे. आपल्या दोषांची माहिती बाहेर दिली तर ग्राहक भाव पाडेल. भीती खरी आहे. पण उलटही होऊ शकतं. थप्पीत दोन-तृतीयांश माल चांगला आहे हे घेणाऱ्याला कळलं, तर तो जास्तच भाव देईल. आज तो सगळा लॉट खराब धरूनच भाव सांगतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण कॅमेरा, कॉम्प्युटर, एन्कोडर यांचा मोठा खर्च आधीच झालेला आहे. राहिलाय तो माहिती नीट भरण्याचा, एक कोड छापण्याचा आणि तो थप्पीवर चिकटवण्याचा.

आमरसाचा डबा घेताना तो फुगलेला नाही ना, गंजलेला नाही ना, हे आपण बघतोच. तेवढंच आपल्या हातात आहे. पत्र्याच्या आत काय होतं, ते ज्या मशीनने पाहिलं, त्याला ते सांगायलाही लावायला हवं.