वेडा कोण, हे आधी कोण ठरवते?

वेड ही मेंदूची बाब, ती वैद्यांनी ठरवावी. समाजाचा तीत काय संबंध, असा प्रश्न आपल्यातील सुशिक्षितही मोठ्या ठसक्याने विचारतात. आजार खरा असतो, याबद्दल वाद नाही. पण वैद्याकडे कोणाला न्यायचे, कधी न्यायचे आणि कोणाला घरातच दडवायचे, याचा निवाडा वैद्याच्या आधी गल्ली करून मोकळी होते.

सुरतेपासून फार दूर नसलेल्या भरूचहून चक्रधरस्वामी वऱ्हाडात गेले आणि रिद्धपुरात त्यांना गुरू भेटले ते गोविंदप्रभू. म्हाइंभटांनी जमवलेल्या आठवणींत हे प्रभू कोणाच्याही घरात शिरून खातात, पोरांत खेळतात, अस्पृश्यांच्या वस्तीत बेधडक जातात. लोकांनी त्यांना पिसे म्हटले, देवही म्हटले. मुख्य म्हणजे सांभाळले. सात शतकांपलीकडच्या पुरुषाचे निदान करणे हा पोरखेळ होईल, तो मी करीत नाही. एवढेच विचारतो, की हाच पुरुष उद्या लिंबायतच्या एखाद्या चाळीत अवतरला तर?

आपल्या शहराची कसोटी सोपी आहे : हजेरी. खानदेशातून आलेला, यंत्रमागावर बारा तासांची पाळी भरणारा माणूस महिनोन्महिने झोपला नाही, कोणाशी बोलला नाही, तरी तो ‘शांत स्वभावाचा’. पाळी चुकू लागली, की ‘डोक्यावर परिणाम’. सुनेचेही तेच. स्वयंपाक होतो तोवर ती चिडखोर. चूल थांबली, की तिच्या अंगात आले.

हिऱ्यांच्या धंद्यात २००८ साली मंदी आली, २०२३ नंतर पुन्हा आली, आणि दोन्ही वेळा रत्नकलाकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचाव्या लागल्या. २०२४ मध्ये तर त्यांच्या कामगार संघटनेने मदतीसाठी दूरध्वनी सेवाच सुरू केली. तरी चहाच्या टपरीवर निकाल ठरलेला : मन कच्चे होते. मन कच्चे असेलही. पण घंटीवरचे काम आटले, घराचे हप्ते थकले, त्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे तिसरे कलम सांगते, की समाजाची नैतिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा कामाविषयीची मूल्ये न पाळणे हा आजार ठरवण्याचा आधार नव्हे. ‘काम’ हा शब्द तेथे मुद्दाम घातलेला आहे. आणि आपण? रुग्णाला डॉक्टरांसमोर बसवल्यावरही घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, हा कामावर कधी जाईल? त्याला झोप लागते का, हे त्यानंतर केव्हातरी.