कुत्र्याची तहान नापाक नसते

"कुत्रं नापाक, त्याला दारात पाणी कशाला?" आमच्या लोणी देवकरात दर उन्हाळ्यात हे ऐकतो, आणि बोलणारे बहुधा पाच वेळचे नमाजी असतात. त्यांनी सहीह बुखारी उघडावी. तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस तिथंच आहे. कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवा, हीसुद्धा हदीसच. मग त्याचं भांडं वेगळं ठेवा की! फुटक्या माठाचं बूड पुरतं.

बागायतदार मित्रांशी माझं भांडण निराळं. डाळिंबाला ठिबकनं मोजून पाणी, आणि राखणीचं कुत्रं भर दुपारी पत्र्याच्या शेडला साखळीनं! त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. म्हणून नुसत्या पंख्यानं त्याचं फारसं भागत नाही. एसी कोण मागतंय? लिंबाच्या सावलीत ठेवा, जमीन शिंपडा, पोट नि पंजे भिजवा. ओलं गोणपाट खाली अंथरा, अंगावर टाकू नका. आत उष्णता कोंडते. झोकांड्या खायला लागलं तर अंगावर पाणी ओता आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

पाळलेल्या जनावराला पुरेसं पाणी, निवारा न देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड ५० रुपयांपर्यंतच. घाबरतंय कोण?