शिबिर संपल्यानंतरचा प्रश्न : नांदेड-लातूरचे हृदयारोग्य

सप्टेंबर महिन्याची २९ तारीख जगभर 'जागतिक हृदय दिन' म्हणून पाळली जाते. लातूर जिल्ह्याला मात्र तिच्या दुसऱ्या दिवसाची आठवण अधिक जवळची आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन करून गावे नुकतीच झोपी गेली असताना, किल्लारी परिसरातील धरणी हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या वेळी शासन, सैन्यदल आणि देशभरातील सेवासंस्था धावून आल्या. संकट डोळ्यांना दिसत होते, म्हणून मदतीचे हातही पुढे आले.

आज आम्ही ज्या संकटाविषयी लिहीत आहोत, ते असे डोळ्यांना दिसत नाही. त्यात घरे कोसळत नाहीत. घराचा कर्ता कोसळतो. शेतावरून आलेला पंचेचाळीस-पन्नाशीचा पुरुष 'छातीत जळजळते आहे, गॅस झाला असेल' म्हणत सोड्याचे पाणी पितो, पहाटेपर्यंत वाट पाहतो आणि सकाळी घरात आक्रोश सुरू होतो. मागे राहतात ती सोसायटीचे कर्ज, अर्धवट शिकलेली मुले आणि 'कालपर्यंत तर धडधाकट होता' हे वाक्य.

खरोखरच तो धडधाकट होता काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) आपल्या देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यासाठी औषध घेत आहेत. म्हणजे हजार प्रौढांच्या गावात असे दोनशेहून अधिक जण असू शकतात. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात असेही आढळले, की दक्षिण आशियातील माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांतील लोकांच्या तुलनेत हे वय पाच-सहा वर्षांनी कमी आहे. हा आजार केवळ श्रीमंतांचा आणि शहरवासीयांचा असल्याची समजूत आता सोडून द्यावी लागेल.

शिबिरे कमी नाहीत

मराठवाड्यात आरोग्य शिबिरांची वाण नाही. नेत्यांचे वाढदिवस, संस्थांचे वर्धापनदिन, यात्रा, जयंत्या, धर्मग्रामाचे सण अशा सर्व प्रसंगी शिबिरे भरतात. मंडप उभारला जातो, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, मान्यवरांचे सत्कार होतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात 'इतक्या रुग्णांची तपासणी' अशी बातमी येते. आम्हीही अशी शिबिरे भरविली आहेत आणि अशा छायाचित्रांत उभे राहिलो आहोत. म्हणून हा प्रश्न प्रथम आम्ही स्वतःलाच विचारतो. त्या दिवशी ज्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला, त्यांपैकी किती जण आज गोळी घेत आहेत? याचे उत्तर आमच्याजवळ नाही, कारण ती नावे आम्ही कोठे लिहूनच ठेवली नव्हती.

मोतीबिंदूच्या शिबिराचा लाभ एका शस्त्रक्रियेने होतो. रक्तदाबाचे तसे नाही. तो बहुधा आयुष्यभराचा सोबती असतो. त्याचे दुखणे जाणवत नाही आणि गोळीने तो उतरला, की 'आता बरे वाटते' म्हणून गोळीच थांबविली जाते. मग तो पुन्हा चढतो. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्यांना मुकाट्याने इजा करीत राहतो. म्हणून रक्तदाब एकदा तपासणे ही केवळ सुरुवात आहे. खरे काम पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात आणि पुढच्या वर्षी करावयाचे असते.

नांदेड-लातूरच्या जीवनक्रमात हे सातत्य टिकविणे कठीण आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. गावच्या उपकेंद्रात मिळणारी गोळी त्या पाच-सहा महिन्यांत फडावर कोण पोहोचविणार? किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांवरून नांदेड शहर गाठायचे, तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. देगलूर, धर्माबाद, उदगीर या सीमेवरच्या तालुक्यांतील रुग्ण कधी निजामाबादला, कधी बिदरला, तर कधी हैदराबादला जातात. त्यांचे कागद तीन राज्यांत विखुरलेले असतात.

शस्त्रक्रियेला पैसा आहे, गोळीची आठवण नाही

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत नांदेडचा समावेश होता. पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या योजनेतून अनेक गरिबांच्या अँजिओप्लास्टी आणि बायपास शस्त्रक्रिया झाल्या. ज्या घरांत ही मदत पोहोचली, ती घरे तिचे मोल जाणतात.

तथापि, झटका आल्यानंतरच्या उपचारासाठी मोठी रक्कम उपलब्ध आहे आणि झटका टाळणारी अल्प किमतीची गोळी मात्र महिनोन्‌महिने कोणी विचारीत नाही, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. सारा भार मोठ्या रुग्णालयांवर टाकला, तर काय होते याची वेदनादायक आठवण नांदेडला आहे. ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले आणि त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. ते मृत्यू हृदयविकाराच्या प्रश्नाहून वेगळे होते. परंतु खेड्यापाड्यांतून अखेरच्या घटकेला आलेल्या रुग्णांचा लोंढा एकाच दाराशी येऊन थडकतो, हे त्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राला दिसले.

महाराष्ट्रातीलच उत्तरे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची आखणी २०१७ मध्ये झाली आणि पाच राज्यांतील पंचवीस जिल्ह्यांपासून तो सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यासाठी भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे निवडले गेले. मराठवाड्यातील एकही त्यात नव्हता. पुढे हा उपक्रम देशातील शंभराहून अधिक जिल्ह्यांत पोहोचला. त्याची रीत साधी आहे. सर्व आरोग्य केंद्रांत उपचाराचा एकच सोपा क्रम असावा, ठरलेल्या दोन-तीन औषधांचा साठा कधी संपू नये, परिचारिका व आशाताई यांना कामात सहभाग असावा, औषध घराजवळ मिळावे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद असावी. जो रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, त्याची त्या नोंदीवरून चौकशी केली जाते. आमच्या मते या उपक्रमाचा प्राण याच शेवटच्या गोष्टीत आहे.

अशिक्षित मानल्या गेलेल्या स्त्रियाही हे काम करू शकतात, हे आपल्या शेजारच्या जामखेडने फार पूर्वी दाखविले. बीड व धाराशिव जिल्ह्यांना लागून असलेल्या, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या स्त्रिया, ज्यांपैकी अनेक दलित समाजातील आणि अक्षरओळखही नसलेल्या होत्या, तेथे येऊन शिकल्या आणि गावी परतून घरोघरी गेल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर अधूनमधून गावात येत असे. शेजारीण रोज तेथेच असे, हे त्यांच्या यशाचे मर्म होते.

गडचिरोलीनेही आपले डोळे उघडले आहेत. डॉ. अभय बंग यांना १९९५ साली आलेल्या झटक्यातून 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक जन्मास आले आणि मराठी वाचकांच्या घरात आहार, व्यायाम व मनःशांती यांची चर्चा सुरू झाली. त्यांच्या 'सर्च' संस्थेने त्याच जिल्ह्यातील ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण पुन्हा तोच, वाढलेला रक्तदाब.

लोकांना काय सांगावे?

जनजागृती म्हणजे कठीण शब्दांचे व्याख्यान नव्हे. मिठापासून प्रारंभ करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या लहान चमचाभराहून कमी मीठ पुरते. आपल्या ताटातील ठेचा, लोणचे, पापड आणि चहासोबतची खारी यांतूनच त्यातील मोठा वाटा पोटात जातो. ज्वारीची भाकरी आणि डाळ हे मराठवाड्याचे अन्न उत्तम आहे. त्याची लाज वाटून मुलांच्या हाती फरसाण देण्याचे कारण नाही. वारंवार तापविलेले तळणाचे तेल पुन्हा वापरू नये.

तंबाखूविषयी अधिक स्पष्ट बोलावे लागेल. २०१६-१७ च्या पाहणीनुसार राज्यातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ तंबाखूचे सेवन करतात आणि त्यांत चघळणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुड्या मात्र टपरीवर दिसतातच. स्त्रियांच्या मिश्रीचा विषय तर घरात निघतही नाही. 'विडी ओढत नाही, फक्त चुना-तंबाखू खातो' असे म्हणून हृदयाची सुटका होत नाही.

झटक्याची लक्षणे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत. छातीत दडपण येणे, वेदना डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम सुटणे, दम लागणे, ही ती लक्षणे होत. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये कधीकधी केवळ दम, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच जाणवते. अशा वेळी सोडा पिऊन वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जेथे ईसीजी निघतो असे जवळचे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितके लवकर मिळेल, तितके हृदयाचे स्नायू अधिक वाचतात.

मात्र उपदेशाने भागत नाही, याचेही भान असावे. मनावरील ताण हेही 'इंटरहार्ट'ने दाखविलेल्या नऊ कारणांपैकी एक आहे. पाऊस हुकलेल्या आणि सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याला 'ताण घेऊ नका' असे सांगणे हे क्रूर ठरेल. त्याच्या ओसरीवर जाऊन बसणे, त्याचे ऐकून घेणे, हेही हृदयारोग्याचेच काम आहे.

एका वहीपासून आरंभ

प्रिय वाचकहो, मराठवाड्यात आपली संख्या अल्प आहे. तरीही दर रविवारी मिस्सेसाठी तीच माणसे त्याच ठिकाणी एकत्र येतात, ही आपली जमेची बाजू आहे. कोण आला, कोण आला नाही, हे आपल्याला सहज कळते. महिन्यातील एका रविवारी मिस्सेनंतर एखादी परिचारिका किंवा धर्मभगिनी रक्तदाब तपासण्यास बसू शकेल आणि हे दार सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी उघडे राहील. उपचार डॉक्टरांनीच ठरवावा. आपण केवळ आठवण करून द्यावी. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाकडे त्यांचे उपचारपत्र व पुरेशा गोळ्या आहेत काय, हे निघण्यापूर्वी विचारावे.

यासाठी प्रथम हवी ती एक शंभर पानी वही. तिच्यात नाव, तारीख, रक्तदाबाचा आकडा आणि पुढच्या भेटीचा दिवस लिहावा. ज्याच्या नावापुढची जागा रिकामी राहील, त्याच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जावे. पुढील सप्टेंबरात एखाद्या मंडपात आमचे छायाचित्र निघेल किंवा निघणार नाही. त्या वहीतील किती नावे वर्षभर टिकली, हे मात्र आम्ही आमच्या धर्मग्रामाला सांगू शकलो पाहिजे.