सुईची वेळ आणि रोजाची सवलत

मधुमेह असलेल्या काही रोजेदारांच्या दंडावर हल्ली रुपयाच्या नाण्याएवढी चकती दिसते. हा सेन्सर दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलवर दाखवतो. दिवसभर अन्नपाण्याविना राहणाऱ्यासाठी हा मोठा आधार आहे. पण आकडा खरा असेल, तरच.

सेन्सर थेट रक्तातली साखर मोजत नाही. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्ताच्या मागे साधारण ५ ते १५ मिनिटे असते. काही सेन्सर कारखान्यातूनच जुळवून येतात. बाकीच्यांना बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरचा आकडा द्यावा लागतो. हे जुळवणे साखर स्थिर असतानाच करायचे असते. रमजानमध्ये नेमकी इथेच चूक होते. इफ्तारला खजूर, सरबत, भजी पोटात गेली की साखर झपाट्याने चढते आणि त्याच वेळी निवांतपणे ग्लुकोमीटर काढला जातो.

समजा, तेव्हा रक्तात साखर १८० आहे आणि त्वचेखाली अजून १५०च. यंत्राला १८० सांगितले की ते पुढचा प्रत्येक आकडा वाढवून दाखवू लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी खरी साखर ६५ झाली, तरी मोबाइलवर ७८ दिसेल आणि इशारा वाजणारच नाही.

म्हणून जुळवणी सहेरीला जेवण्यापूर्वी आणि मगरिबच्या अजानपूर्वी काही मिनिटे, पडद्यावरचा बाण आडवा असताना करावी. बाण खाली झुकलेला असेल तर ती वेळ टाळावी. खजूर हाताळल्यावर हात धुऊनच बोट टोचावे. बोटाला लागलेला गोडवाही आकडा फुगवतो. सेन्सर नसेल तर साधा ग्लुकोमीटरही पुरतो. सुई टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. तरीही अनेक जण दिवसा तपासणी टाळतात.

ही काळजी अनाठायी नाही. १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी करणारा ‘एपिडायर’ अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालय गाठावे लागेल इतकी साखर उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये टाइप १ रुग्णांत ४.७ पट, तर टाइप २ रुग्णांत ७.५ पट वाढल्याचे त्यात आढळले. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे तज्ज्ञ सांगतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांच्या मात्रा आणि वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

खरी अडचण यंत्राची नाही, मनाची आहे. अजानला वीस मिनिटे उरली असताना हात थरथरू लागतात, घाम फुटतो, तरी ‘एवढा वेळ काढलाच आहे’ म्हणून माणूस बसून राहतो. घरचेही तेच म्हणतात. वास्तविक आजारी माणसाला सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्येच दिलेली आहे. बरा होणाऱ्याने सुटलेले रोजे नंतर पूर्ण करावेत. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने गरिबाला जेवू घालून फिदिया द्यावा. अल्लाहने दिलेली सवलत घेणे ही ईमानाची कमजोरी नव्हे.

हा प्रश्न केवळ रोजेदारांचाही नाही. एकादशीला इन्सुलिन घेऊन उपाशी राहणाऱ्या किंवा नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर काढणाऱ्या मधुमेहींनाही हीच खबरदारी लागू आहे.

भरल्या मोहल्ल्यात एखाद्या चाचांनी दुपारी साखरेचे पाणी प्यायले, तर भुवया उंचावू नयेत. त्यांना पाण्याचा पेला पुढे करणे, हीसुद्धा रमजानची शिकवण आहे.