गुन्ह्याची गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी?

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाचा कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. त्या प्रयोगात सामील झालेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने त्याच सुमारास ही वसाहत उभी राहिली. तटबंदी नाही, गजांच्या कोठड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांनी इथे जमीन कसायची आणि बायकामुलांसह राहायचे. पुढे संस्थान विलीन झाले, आटपाडी सांगली जिल्ह्यात आली, वसाहत मात्र टिकली. महाराष्ट्राबाहेर तिचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही; तिच्यावरून सुचलेला चित्रपट मात्र जगाने पाहिला. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ सालचा. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्यात जन्मलेल्या माणसाची.

हा जुना चित्रपट आज काढण्याचे कारण लघुपट आहेत. हातातल्या मोबाइलवर चित्रीकरण आणि संकलन दोन्ही होऊ लागल्यापासून तालुक्यातालुक्यांत तरुण लघुपट करत आहेत, आणि त्यांना सर्वांत जास्त भुरळ गुन्हेगारीच्या गोष्टीची पडते. हे स्वाभाविक आहे. दहा-पंधरा मिनिटांत प्रेक्षकाला धरून ठेवायचे तर खून हा हुकमी विषय. पण बहुतेकांचा साचा ठरलेला: आधी रक्त, मग पोलिसांची गाडी, मग संशयाने एकमेकांकडे पाहणारे चेहरे, कानठळ्या बसवणारे पार्श्वसंगीत आणि शेवटच्या मिनिटात एक कलाटणी. ‘कुणी केले’ हे कळले की गोष्ट संपते आणि पुन्हा पाहण्याचे कारणही संपते. तंत्रात खोट असते असे नाही. ड्रोनमधून टिपलेले माळरान सुंदरच दिसते. चूक त्याआधी, कॅमेरा काढण्यापूर्वीच झालेली असते: गोष्ट कुठून सुरू करायची आणि ती कुणाच्या नजरेतून सांगायची, हे कुणी ठरवलेलेच नसते.

गदिमांनी ते ठरवले होते. त्यांची गोष्ट सुरू होते तेव्हा खून होऊन गेलेले आहेत, खटले चालले आहेत, शिक्षाही झाल्या आहेत. सहा खुनी आणि आदिनाथ नावाचा जेलर एका ओसाड जमिनीवर येतात. कोण गुन्हेगार आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते, तरीही ताण सुटत नाही. हिचकॉकने हा भेद नेमका सांगून ठेवला आहे. टेबलाखाली बाँब आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर स्फोटाच्या क्षणी प्रेक्षक फक्त दचकतो. तो प्रेक्षकाला आधीच दाखवला, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही जीव टांगणीला लावतात. आदिनाथच्या शेतावर बाँब म्हणजे माणसांचा भूतकाळ. ज्या हातांनी जीव घेतला त्यांत आता कुदळ आहे, आणि कुदळ मातीखेरीज आणखी कुठे पडू शकते हे आपल्याला सांगावे लागत नाही. खोदकामाचा साधा प्रसंगसुद्धा त्यामुळे गुन्हेपटाचा प्रसंग होतो. रहस्य लपवण्याऐवजी ते पहिल्याच मिनिटाला देऊन टाकणे हा लघुपटासाठी फार काटकसरीचा मार्ग आहे, कारण संशयितांची रांग उभी करण्यात जाणारा वेळ वाचतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पळून जाण्याच्या बेतात असलेल्या कैद्यांना आदिनाथचे डोळे आठवतात, पडद्यावर ते डोळे येतात आणि पाय अडतात. ही युक्ती शांतारामांना १९५७ मध्ये सुचलेली नव्हती. ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’मध्ये, १९३४ साली, त्यांनी राजगुरूच्या डोळ्याचा पडदा व्यापणारा क्लोजअप घेतला होता. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहन यांचा. राजाने बळी देण्यावर बंदी घातली म्हणून हा राजगुरू त्याच्या खुनाचा कट रचतो. तिथे तो डोळा खून करायला लावतो. तेवीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने तसाच डोळा वापरला आणि तो खुन्याला गुन्ह्यापासून परत फिरवतो. दोन्ही ठिकाणी भिंग जवळ गेले आहे, अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध. रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हने एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे वेगवेगळी चित्रे जोडून हेच दाखवले होते: शॉटचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यावर ठरतो. आपल्याकडच्या लघुपटांत क्लोजअप सरसकट ‘भावना’ म्हणून लावला जातो. चेहऱ्याच्या आधी काय दाखवले आणि नंतर काय, याचा विचार झाला तर निम्मे क्लोजअप गळून पडतील, आणि उरतील ते बोलतील.

रंगाची निवडही पाहण्यासारखी आहे. १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ हा झगझगीत टेक्निकलर चित्रपट करून शांतारामांनी यश मिळवले होते. त्यानंतर ते कृष्णधवलाकडे वळले. छायालेखक जी. बाळकृष्ण यांनी उजाड जमीन, उघडी पाठ आणि आभाळ एवढ्यावर चित्रचौकटी बांधल्या. रंग असता तर त्या जमिनीचे दारिद्र्य देखणे झाले असते, असे आम्हाला वाटते.

मात्र या चित्रपटाला आदर्श म्हणून भिंतीवर टांगण्याचे कारण नाही. तो लांबला आहे, उपदेश करतो, आणि खेळणी विकणारी चंपा संध्या यांनी कितीही जीव ओतून साकारली तरी ती पुष्कळदा गाण्यांची सोय वाटते. अखेरीस बाजारावर पकड असलेल्या व्यापाऱ्याच्या कारस्थानात आदिनाथचा जीव जातो. त्यातली बैलाशी झुंज अंगावर येते, पण माणदेशी प्रेक्षकाला ती थोडी खटकत असावी. ज्या भागाने खिलार जातीला ‘आटपाडी महाल’ हा एक प्रकार दिला, जिथे खरसुंडीच्या यात्रेत बैलाची पारख पिढ्यानपिढ्या चालत आली, तिथे बैल हे हत्यार म्हणून पाहणे सोपे नाही.

यापेक्षा मोठी अडचण त्या शीर्षकातल्या हिशेबातच आहे. डोळे दोन, ते जेलरचे. कैद्यांच्या वाट्याला फक्त बारा हात. त्या सहा जणांनाही बारा डोळे होते. त्यांना आदिनाथ कसा दिसत होता, भल्या माणसाच्या सततच्या नजरेखाली राहणे कसे वाटत होते, हे चित्रपट फारसे विचारत नाही. पळणाऱ्याला मागे खेचणारी नजर ही प्रेमाची असली तरी पहाऱ्याचीच. स्वतंत्रपुरात बायकामुलांसह राहणाऱ्या माणसाला कदाचित कुणाच्याच डोळ्यांची आठवण लागत नसेल, संध्याकाळी घरी चूल पेटते एवढे कारण त्याला पुरत असेल. पडद्यावर मात्र सुधारणेचे श्रेय पाहणाऱ्याला मिळाले.

दुसऱ्या बाजूने पाहणारा लेखक त्याच आटपाडीत होता. शंकरराव खरातांचा जन्म १९२१ चा, आटपाडीतलाच. त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’ या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. गावकीच्या कामाचा भाग म्हणून त्या प्रेताची राखण वडिलांनी करायची. फौजदार आल्यावर विहिरीत उतरून ते बाहेर काढायचेही त्यांनीच, कारण इतर कुणी हात लावणार नाही. मुलगा हे पाहतो आहे. गुन्हेपटाला लागणारे सगळे इथे आहे: मृतदेह, पोलीस, पंचनामा, जमलेले गाव. पण मेलेला कुणी मारला हा प्रश्न वाचकाच्या मनात मागे पडतो आणि वेगळाच पुढे येतो. एका मरणाची किंमत कायदा आणि गाव मिळून कुणाकडून वसूल करतात? ज्याने काही केले नाही, त्याच्याच मानेवर सरकारी हुकूम बसतो. तपास अधिकाऱ्याच्या खांद्यावरून दिसणारी गोष्ट आणि दोर धरून खाली उतरणाऱ्या माणसाची गोष्ट, यांत घटना तीच राहते. बदलतो तो गुन्हा.

अशा प्रसंगावर लघुपट करायचा झाला, तर खर्च फारसा नाही. विहीर, दोर, चार-पाच माणसे, एका दिवसाचा उजेड. अवघड आहेत ते निर्णय. सुरुवात प्रेत सापडण्यापासून करावी, की राखणीच्या बऱ्याच वेळानंतर, भूक लागलेल्या माणसापासून? आमचा कौल दुसऱ्याला. सापडण्याचा क्षण किंकाळी मागतो आणि किंकाळीनंतर आवाज कमी करत जाणे फार कठीण. आवाजाच्या बाबतीत शांतारामांचाच आणखी जुना धडा उपयोगी आहे. १९३७ च्या ‘कुंकू’त त्यांनी पार्श्वसंगीत ठेवलेच नाही, प्रसंगात जे ऐकू येते तेवढेच ऐकवले. विहिरीत माणूस उतरताना घासणारा दोर, ढासळणारे खडे आणि काठावरच्या लोकांचे सल्ले यांवर व्हायोलिन चढवले, तर प्रेक्षक विहिरीतून बाहेर येऊन थेट चित्रपटगृहात बसेल.

वेळेचे काय करायचे, हे फ्रेंच दिग्दर्शक रोबेर एन्रिकोच्या लघुपटात पाहावे. अँब्रोज बीअर्सच्या अमेरिकी यादवी युद्धातल्या कथेवरचा हा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट. त्याला १९६२ मध्ये कानचा आणि नंतर ऑस्करचाही लघुपटाचा पुरस्कार मिळाला. पुलावर एका माणसाला फाशी द्यायची आहे. दोर तुटतो, तो पाण्यात पडतो, पळतो, घराजवळ पोहोचतो. शेवटी कळते की हे सगळे फास आवळण्याआधीच्या काही क्षणांत त्याच्या मनात घडले. संवाद जवळजवळ नाहीत. ही कलाटणीच आहे, पण ती कोण खरे बोलले याची नाही. एका माणसाचा काळ आतून कसा ताणला जातो ते आपण अनुभवत होतो, हे ती सांगते. म्हणून शेवट माहीत असूनही तो लघुपट पुन्हा पाहता येतो.

माणदेशातल्या तरुण दिग्दर्शकांना गद्याचा नमुनाही दूर शोधावा लागत नाही. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’मधली व्यक्तिचित्रे लघुपटाच्या मापाची आहेत: एक माणूस, त्याची दोन-चार कृत्ये, त्याची बोली, आणि लेखक मध्ये न पडता बाजूला उभा. ही बोली लघुपटांत हल्ली विनोदापुरती उरली आहे. फौजदार पुस्तकी बोलतो आणि गडीमाणूस तेवढा माणदेशी. विहिरीच्या काठावर ते वेगळ्या तऱ्हेने करून पाहण्यासारखे आहे. फौजदाराच्या कागदी मराठीत हुकूम सुटावेत, गावाने गावच्या बोलीत त्यांना दुजोरा द्यावा, आणि खाली उतरणाऱ्याला संवादच नसावा, फक्त काठावरच्या मुलाशी एक-दोन शब्द. आता कॅमेरा काठावर ठेवायचा की दोराबरोबर खाली न्यायचा, हे ठरवायचे राहते. काठावर ठेवला तर मुलाचा चित्रपट होईल, खाली नेला तर बापाचा. दोन्ही करू पाहणारा संकलनाच्या टेबलावर बहुधा फौजदाराचा चित्रपट घेऊन परतेल.