रॅमची टाकी की झाडांची टाकी?

दोन फुटी टाकीत दाट झाडं, तळाशी ड्वार्फ सिक्लिडची जोडी आणि वर टेट्रांचा थवा, असा बेत हल्ली अनेक घरांत शिजतो. बेत चांगला आहे. पण या टाकीकडून झाडं एक मागतात, सिक्लिड दुसरं मागतात आणि सोबतचे मासे तिसरंच. साधारण ५५ लिटर पाण्यात सगळ्यांची सगळी मागणी पुरी होत नाही. मग माघार कुणी घ्यायची, हे टाकीत पाणी भरण्याआधी ठरायला हवं. ते ठरलं नाही तर किंमत मासे मोजतात.

झाडांची बाजू आधी घेऊ, कारण ती पूर्ण विचारान्ती मांडली जाते. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने १९९०च्या दशकात टाकीतल्या हिरवळीचं एक नवं शास्त्र रूढ केलं: प्रखर प्रकाश, सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि खाली पोषक माती. या पद्धतीत नुसती शोभा पाहणं अन्यायाचं होईल. जोमाने वाढणारी झाडं माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया थेट शोषून घेतात. अ‍ॅक्वासॉइल म्हणून मिळणारी माती पाण्याचा जडपणा कमी करते आणि सामूही साडेसहाच्या आसपास किंवा त्याखाली आणते. दक्षिण अमेरिकेतल्या ड्वार्फ सिक्लिडना हवं असतं ते नेमकं असंच पाणी. या मुद्द्यावर झाडांचा आणि माशांचा फायदा एकच आहे.

तापमानाच्या मुद्द्यावर मात्र वाटा फुटतात. ड्वार्फ सिक्लिडपैकी रॅम हा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याचा, लानोस नावाच्या गवताळ मैदानातल्या उथळ, उबदार पाण्याचा मासा. त्याला २८ ते ३० अंश लागतात. २४ अंशांवर तो तग धरेल, पण कोपऱ्यात मिटून राहील आणि आजारी पडेल. तळावर पसरणाऱ्या नाजूक गालिचा-वनस्पतींना आणि मॉसना मात्र २२ ते २५ अंशच मानवतात. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून अशा पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडताना चुकीला जागा थोडी उरते. आपल्याकडे त्यात वीज जाण्याची भर. वीज गेली की फिल्टर थांबतो. सिलिंडरला सोलेनॉइड झडप नसेल तर वायू मात्र सुटतच राहतो. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडून धापा टाकू लागतात. रात्री वीज गेली तर हे पाहायलाही कुणी जागं नसतं.

दुसरा मतभेद तळाचा आहे. रॅम दिवसभर तोंडात वाळू घेतो, त्यातलं खाणं निवडतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. बारीक वाळूवर त्याला हे करताना पाहिलं की दाट हिरवा गालिचा अंथरून आपण त्याचं काय काढून घेतो, हे लगेच कळतं. टोकदार खडी तर त्याच्या तोंडाला आणि कल्ल्यांना इजा करते.

याच्या अगदी उलट टोकाला नैसर्गिक अधिवासाचा आग्रह धरणारे आहेत. ड्वार्फ सिक्लिडच्याच अपिस्टोग्रामा (थोडक्यात अपिस्टो) वंशातले अनेक मासे जंगलातल्या ओढ्यांमध्ये, सडत्या पानांच्या थरात राहतात. तिथे पाणवनस्पती बहुधा नसतातच. मग झाडं हवीत कशाला, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ओढ्याला मागून नवं पाणी येत राहतं, टाकीला आठवड्यातून एकदा आपण बदलू तेवढंच. एवढ्याशा पाण्यात झाडांनी अमोनिया आणि नायट्रेट शोषणं ही मोठी मदत आहे, आणि ती नाकारायला सबळ कारण मला दिसत नाही.

म्हणून माझा कौल असा: झाडं ठेवावीत, पण माशांच्या तापमानाला आणि तळाला मान्य असतील तीच. अनुबियास आणि जावा फर्न लाकडावर बांधता येतात, त्यांना मातीच लागत नाही. क्रिप्टोकोरिन मंद प्रकाशात आणि उबेत वाढते. वर थोडी तरंगती झाडं असली की खाली सावली पडते आणि मासे निर्धास्त फिरतात. मागच्या भागात मातीची पट्टी, पुढे मोकळी बारीक वाळू, आणि सिलिंडर नको. स्पर्धेत मांडावी अशी ही टाकी होणार नाही. गालिचा मनापासून हवा असेल त्याने तो जरूर करावा, पण मग रॅमचा हट्ट सोडावा.

गुहेसाठी नारळाची करवंटी उत्तम. उकळून, कडेला अंगठा जाईल एवढी खाच पाडून पालथी ठेवली की अपिस्टोची मादी आत छताला अंडी चिकटवते. दुकानात पाकिटातून विकली जाणारी बदामाची पानं आपल्या रस्त्यांवरच्या बदामाचीच असतात. पूर्ण वाळून गळलेली, फवारणी न झालेली पानं धुऊन घातली की पाणी हलकं तपकिरी होतं आणि तळाला लपायला जागा मिळते.

पाण्याच्या बाबतीत गावागावाचं उत्तर वेगळं आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. पावसाचं साठवलेलं हे पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. क्लोरिन काढला की रॅमसाठी फारशी खटपट उरत नाही. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे बोअरच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्याची गोष्ट निराळी. आरओचं पाणी मिसळून ते मऊ करता येतं, पण घरगुती आरओत बादलीभर पाण्यामागे बरंच पाणी वाया जातं. जिथे उन्हाळ्यात टँकर येतात, तिथे ओरिनोकोच्या माशासाठी एवढं पाणी सांडणं मला पटत नाही. तिथे मासा बदलावा. टाकीतच पैदास झालेला अपिस्टोग्रामा काकाटुओइडिस आणि पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस थोडं जड पाणी सोसतात. तीन फुटी टाकीला जागा असेल तर आपल्या द्वीपकल्पातला ऑरेंज क्रोमाइड आहेच. गोव्याच्या कालुंदराचा हा धाकटा नातलग आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, जड पाणी त्याला चालतं, आणि नर-मादी दोघं मिळून पिल्लं सांभाळतात.

रॅम आणि अपिस्टो एकत्र ठेवू नयेत. दोघांनाही तळाचीच जागा हवी असते, शिवाय ऊबही सारखी नको असते. उवे रोमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९६ मध्ये दाखवून दिलं की अपिस्टोग्रामाच्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. पाणी जास्त गरम असेल तर नर जास्त. रॅमसाठी ठेवलेल्या ३० अंशांत वाढलेली अपिस्टोची वीण त्यामुळे एकांगी होण्याची शक्यता मोठी.

राहिला सोबत्यांचा प्रश्न, आणि इथे मतभेद सर्वांत तीव्र आहेत. एक बाजू म्हणते, सिक्लिड एकटेच ठेवा. टेट्रा पिल्लं खातात. दुसरी बाजू म्हणते, वर निवांत फिरणारा थवा नसेल तर सिक्लिड घाबरून लपतात, कारण वरचे मासे निर्धास्त असणं हीच त्यांच्यासाठी धोका नसल्याची खूण असते. मी दुसऱ्या बाजूचा. आठ कार्डिनल टेट्रा पुरेत. स्वस्त मिळणारा निऑन दिसायला तसाच असला तरी थंड पाण्याचा मासा आहे, २९ अंशांत त्याला ठेवणं हा त्याच्यावर अन्याय.

कॉरीडोरसबद्दल मात्र दोन फुटी टाकीत नकारच द्यावा लागेल. हा गरीब मासा तळ हुंगत रात्री अंड्यांपर्यंत पोचतो आणि ती खातो. सिक्लिड टोचत राहतात, पण अंगावरच्या कवचामुळे कॉरीला हटायचं कळत नाही, आणि इजा होते ती डोळ्यांना. तीन फुटी टाकीत, दोघांना आपापला कोपरा मिळत असेल तर स्टर्बाय कॉरीडोरस चालेल. तो उबदार पाणीही सोसतो.

टाकी लावल्यावर जिवाणूंची घडी बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नवी अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीला स्वतःच अमोनिया सोडते. आधी झाडं, मग टेट्रा, रॅम सर्वांत शेवटी. फुग्यासारखं अंग असलेला बलून रॅम घेऊच नये. पाठीचा कणा आखडलेला असावा म्हणून त्याची मुद्दाम पैदास केली जाते, आणि मागणी आहे तोवर ती होत राहील.

जोडीने अंडी घातली की टेट्रा काढायचे की ठेवायचे, हा प्रश्न येतोच. काढले तर एका विणीतून शंभराच्या घरात पिल्लं वाढू शकतात आणि ५५ लिटरमध्ये त्यांना जागा नाही. जवळच्या तळ्यात किंवा नदीत ती सोडणं हा पर्याय धरूच नये. टाक्यांमधून बाहेर गेलेल्या सकर माशाने आपल्या जलाशयांत काय केलं ते मच्छीमार जाणतात. दुकानदार किंवा दुसरा कुणी मासे पाळणारा पिल्लं घ्यायला तयार असेल, तरच ती वेगळ्या टाकीत काढून आर्टेमिया या बारीक जिवंत खाद्यावर वाढवावीत. नाहीतर टेट्रा आहेत तिथेच राहू द्यावेत.