‘हे आपल्या ब्रँचचं नाही!’

लेझर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमधला लाल ठिपका आणि मागच्या बॅचकडून आलेली रीडिंग्ज! फार तर शिरोली एमआयडीसीत पत्रा कापणारं मशीन. त्यापुढे काही विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘हे आपल्या ब्रँचचं नाही.’ मित्रांनो, माझा आक्षेप या वाक्यालाच आहे.

सी. कुमार पटेल यांचंच बघा. जन्म १९३८, बारामती. १९५८ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बी.ई., म्हणजे जवळपास आपल्याच वयात! पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. त्याचा १०.६ मायक्रॉनचा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण पोलाद कापतो.

दुसरा कुणी इथंच थांबला असता. पटेलांनी हा प्रकाश इंडियम अँटिमनाइड या सेमीकंडक्टरच्या स्फटिकावर सोडला. स्फटिक अतिथंड आणि चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला. येणारा प्रकाश इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटवतो, त्यात त्याची थोडी ऊर्जा खर्च होते आणि बाहेर पडतो तो थोड्या जास्त तरंगलांबीचा नवा लेझर. करंटने नव्हे, प्रकाशानेच पंप केलेला! चुंबकीय क्षेत्र बदललं की तरंगलांबी बदलते, रेडिओवर स्टेशन लावावं तशी.

उपयोग काय? मिड-इन्फ्रारेडमध्ये अनेक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांब्या शोषतात. नायट्रिक ऑक्साइडची ५.३ मायक्रॉनच्या आसपास. १९७३ साली पटेल आणि सहकाऱ्यांनी अशा प्रकारचा लेझर बलूनमधून २८ किलोमीटर उंचीवर नेला आणि ओझोनचा नाश करणारा हा वायू तिथं मोजला. सूर्योदयापूर्वी तो अगदी कमी होता, दिवस चढला तसा वाढत गेला.

आता सांगा, हे काम कुठल्या ब्रँचचं? स्फटिक थंड ठेवणं मेकॅनिकलचं, चुंबक इलेक्ट्रिकलचं, सिग्नल पकडणं ई अँड टीसीचं, वायू केमिकलचा. प्रश्न मात्र सगळ्यांचा!

मान्य, आपल्याकडे लिक्विड हीलियम नाही. पण कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा एनडीआयआर सेन्सर याच शोषणाच्या तत्त्वावर चालतो; त्यात लेझरऐवजी साधा इन्फ्रारेड दिवा असतो, एवढंच. तयार प्रोजेक्ट विकत आणून त्यावर आपलं नाव चिकटवण्यापेक्षा हा सेन्सर घेऊन आपल्याच वर्गातली, हॉस्टेलच्या बंद खोलीतली हवा मोजायला काय हरकत आहे? आकडे निदान आपले तरी असतील.

सर-मॅडमना एकच विनंती : फायनल इयरला दोन-तीन ब्रँचच्या मुलांना एकत्र प्रोजेक्ट करू द्या. शेवटच्या बाकावर येणारी झोप लेक्चरमुळे की कोंदट हवेमुळे, याचाही एकदा निकाल लागू दे!